रस्ता बंद आहे

२०२४ च्या ऑक्टोबरात आमची जुनी गाडी विकली. अठरा वर्षं वापरली. नवऱ्याच्या मते पाच वर्षं जास्तच वापरली. विकत घेणाऱ्या मुलाने चाव्या घ्यायच्या आधी एक गोष्ट सांगितली, "नॅव्हिगेशनमध्ये तुमचा पत्ता वगैरे असेल, तो पुसून टाका." त्याचं म्हणणं बरोबरच होतं. अनोळखी माणसाच्या हातात आपल्या घराचं 'होम' बटण कशाला द्यायचं? म्हणून आदल्या संध्याकाळी मी गाडीत एकटी जाऊन बसले आणि ती यादी उघडली.

मंडळी, ज्यांच्या गाड्यांत हे प्रकरण नव्हतं त्यांच्यासाठी थोडं सांगते. आता सगळेच फोनवर नकाशा लावतात, पण २००६ साली आम्ही गाडी घेतली तेव्हा गाडीतच बसवलेलं नॅव्हिगेशन म्हणजे चैन होती. त्यासाठी वेगळे दोनेक हजार डॉलर मोजले होते. त्यावरून आमचं भांडण झालं होतं आणि मी जिंकले होते. (का, तर मला दिशा कळत नाहीत. माहेरी मला 'चकवा' म्हणायचे.) आख्ख्या अमेरिकेचा नकाशा एका डीव्हीडीवर असायचा. नवीन रस्ते हवे असतील तर दीड-दोनशे डॉलरची नवीन डीव्हीडी घ्या. आम्ही अर्थातच कधी घेतली नाही. त्यामुळे आमच्या गाडीच्या दृष्टीने जग २००६ सालीच थांबलेलं होतं.

तर त्या यादीत जुनी ठिकाणं एकाखाली एक लागलेली. लेकीचं पहिलं पाळणाघर, दातांचा डॉक्टर, लिव्हरमोरचं देऊळ, ग्रँड कॅनियन, एका मैत्रिणीचं घर जिच्याशी आता बोलणं नाही. आणि अगदी तळाशी एक नाव, जिथे आम्ही कधीही गेलो नव्हतो. पॅटरसन. ते अण्णांनी घातलेलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. नातेवाईक मंडळी हे वाचताहेत, त्यांना ओळख करून द्यायला नको. इतरांसाठी सांगते. अण्णा सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. ओव्हरसियर म्हणून लागले आणि शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. बरीच वर्षं पाटण, चिपळूण, पुन्हा पाटण अशी गेली. आमचं बालपण मुरूम, खडी, डांबराचे ड्रम आणि रोलरच्या आवाजात गेलं. आईस्क्रीम म्हटल्यावर इतर मुलांना काय आठवतं माहीत नाही, मला कराडहून जीपमधून आणलेलं वितळलेलं आईस्क्रीम आणि अण्णांच्या शर्टाचा डांबराचा वास आठवतो.

२००६ च्या पावसाळ्यात आई गेली. पुढच्या वर्षी आम्ही टेक्सासमधून कॅलिफोर्नियात आलो आणि लगेच अण्णांना सहा महिन्यांसाठी इकडे बोलावून घेतलं. ते आले, पण बोलेनासे झाले होते. सकाळी उठून अंघोळ, पूजा, मग खिडकीशी खुर्ची. संध्याकाळी मी ऑफिसातून आले की विचारायचे, "आलीस?" झालं. त्यांना बोलतं करायला म्हणून मी डिसेंबरच्या सुट्टीत डेथ व्हॅलीची सहल ठरवली. नवरा म्हणाला, "अगं, वडिलांना मृत्यूच्या दरीत न्यायचं कुणाला सुचतं?" मला सुचलं. उन्हाळ्यात तिथे जाणं मुश्कील, हिवाळ्यात हवा उत्तम, एवढं मी वाचलेलं होतं.

निघायच्या आदल्या रात्री अण्णा पहिल्यांदा गाडीत पुढे बसून त्या स्क्रीनशी खेळले. तिच्यातून एका बाईचा आवाज यायचा. अण्णा तिला 'बाई' म्हणायला लागले, तेही आदरार्थी. "बाई काय म्हणतायत?" "बाईंना विचार." त्या यंत्राची एक गंमत होती. गावाचं नाव टाकायला लागलं की पुढे जी अक्षरं शक्य आहेत तेवढीच उजळलेली राहायची, बाकीची विझायची. अण्णांनी पाटण टाकायला घेतलं. पी, ए, टी. पुढचं ए विझलेलं. दुसरा टी मात्र उजळलेला. त्यांनी तो दाबला. मग यंत्र नेईल तिकडे जात जात ते पॅटरसन नावाच्या गावाला पोचले आणि कितीतरी महिन्यांनी हसले. "हे तुमचं पाटण," म्हणाले. मी म्हटलं, "जाऊ एकदा." ते नाव यादीत गेलं आणि तिथेच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. मी गाडी चालवत होते, शेजारी अण्णा, मागे नवरा आणि त्याच्या मांडीला टेकून झोपलेली तीन वर्षांची लेक. बाईंनी रस्ता दाखवला तो पूर्वेकडचा. लिव्हरमोर, आल्टामाँटच्या पवनचक्क्या, मँटिका, ओकडेल, मग १२० नंबरचा रस्ता धरून योसेमिटीतून सरळ सिएरा नेवाडा पर्वत ओलांडायचा आणि पलीकडे उतरायचं. नकाशावर बघाल तर अगदी शहाणा रस्ता. कॅलिफोर्नियातले वाचक एव्हाना कपाळावर हात मारून घेत असतील. :)

ओकडेलच्या पुढे कुठेतरी रस्त्याच्या कडेला एक बोर्ड गेला. अण्णा रस्त्यावरचा प्रत्येक बोर्ड वाचायचे, मोठ्याने. ते म्हणाले, "अगं, टायोगा पास बंद आहे म्हणतायत."

मी म्हटलं, "असेल दुसरा कुठला तरी."

"आपला रस्ता कुठून जातो?"

"अण्णा, बाईंना माहीत आहे. त्यांना वरून सॅटेलाइट दिसतात."

पाच मिनिटं गेली. "जरा थांबून कुणाला तरी विचारलं असतं..."

रात्री झोप धड झाली नव्हती, मागे लेक उठून रडायला लागली होती, पुढे वळणावळणाचा घाट सुरू झाला होता. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही बोर्डाचं काय घेऊन बसलात? हे पाटण नाही. इथे असं चालत नाही. तुम्ही शांत बसा बघू जरा."

ते शांत बसले.

मला वाटलं, चला, सुटलो. ग्रोव्हलंडच्या अलीकडचा तो घाट खडा आहे, एरवी त्यांनी प्रत्येक वळणाला काहीतरी शेरा मारला असता. त्यांनी मारला नाही. योसेमिटीच्या गेटवर रेंजरने नकाशा हातात दिला, मी तो तसाच अण्णांच्या मांडीवर ठेवला आणि त्याला काही विचारलंही नाही. क्रेन फ्लॅटला बाई म्हणाल्या डावीकडे वळा. मी वळले. पुढे रस्त्याला आडवं फाटक लावलेलं आणि त्याच्या पलीकडे रस्ताच नाही, नुसता बर्फ.

टायोगा पासची उंची ९,९४३ फूट आहे. बर्फामुळे तो रस्ता साधारण नोव्हेंबरात बंद होतो आणि मे-जूनमध्ये उघडतो. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला नव्हतं, कारण कॅलिफोर्नियात येऊन मला तीन महिने झाले होते. बाईंना नव्हतं, कारण त्यांच्या डीव्हीडीवर रस्ता होता, ऋतू नव्हता.

मी अण्णांकडे बघितलं. 'मी सांगितलं होतं' एवढं तरी म्हणतील असं वाटलं. म्हणाले असते तर बरं झालं असतं, मी चिडले असते, ते चिडले असते आणि विषय संपला असता. ते काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी मांडीवरचा नकाशा उघडला, घडी नीट केली आणि बोटाने रस्ता शोधायला लागले. मग नवऱ्याकडे नकाशा दाखवून म्हणाले, "जावईबापू, इथून दक्षिणेला उतरता येईल. फ्रेझ्नो, मग बेकर्सफील्ड." माझ्याशी नाही बोलले.

गाडी वळवली. त्या रात्रीचं डेथ व्हॅलीतलं बुकिंग बुडालं. आणि बाईंनी नवीन धोशा लावला, शक्य होईल तिथे यू टर्न घ्या. त्यांच्या हिशेबी आम्हीच चुकलो होतो. दर दोन मिनिटांनी त्या आम्हाला त्या बंद फाटकाकडे परत बोलवत होत्या. त्यांचा आवाज मी बंद केला. गाडीत मग कोणाचाच आवाज राहिला नाही.

योसेमिटीच्या दरीतून दक्षिणेला निघालं की वावोना बोगदा लागतो. १९३३ साली उघडलेला, ४,२३३ फुटांचा, म्हणजे जवळजवळ तेराशे मीटर, आख्खा ग्रॅनाइटमध्ये खोदलेला. त्याच्या तोंडाशीच तो प्रसिद्ध देखावा आहे, एल कॅपिटन, हाफ डोम आणि धबधबा एकाच चौकटीत. आम्ही पाच मिनिटं उतरलो. फोटोत अण्णा डोंगराकडे बघत नाहीयेत, बोगद्याच्या तोंडाकडे बघताहेत.

बोगद्यात शिरलो आणि अर्ध्यात गेल्यावर अण्णा एकदम म्हणाले, "इथे आकाश कुठे आहे?"

"म्हणजे?"

"तू म्हणालीस बाईंना सॅटेलाइट दिसतात. इथे वर डोंगर आहे. मग हा बाण कसा पुढे सरकतोय?"

तीन तासांनी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. आणि मला उत्तर येत नव्हतं! मागून नवऱ्याने सांगितलं (तो या विषयातला आहे). गाडीत बसवलेल्या यंत्रात नुसता जीपीएस नसतो. चाकांच्या फेऱ्या मोजून किती अंतर कापलं ते त्याला कळतं, आणि आत एक जायरोस्कोप असतो त्यावरून गाडी किती वळली ते कळतं. आकाश दिसत नसलं की ते यंत्र अंतर आणि कोन यावर काम भागवतं. बाहेर आलं आणि सॅटेलाइट दिसायला लागले की झालेली चूक दुरुस्त करून घेतं.

अण्णा वळून मागे बघायला लागले. "अहो, म्हणजे हा ट्रॅव्हर्सच झाला की!"

नंतरचा तासभर ते दोघं बोलत होते आणि मी ऐकत होते. नव्या रस्त्याची आखणी करायची तर साखळीने अंतर मोजायचं, होकायंत्राने कोन घ्यायचा, पुढच्या ठिकाणी जायचं, पुन्हा अंतर, पुन्हा कोन. प्रत्येक ठिकाणी थोडी चूक होते आणि ती साठत जाते. म्हणून अधूनमधून माहीत असलेल्या पक्क्या ठिकाणाला येऊन भिडायचं, किती चुकलो ते बघायचं आणि ती चूक सगळ्या ठिकाणांवर वाटून टाकायची. अण्णांनी हे उभं आयुष्य केलं होतं. "फक्त आमच्याकडे चाकांऐवजी गड्याच्या हातात साखळी," म्हणाले.

नवऱ्याने मग त्यांना या यंत्राचा इतिहासच सांगितला. होंडाने १९८१ साली जपानमध्ये गाडीसाठी असं यंत्र काढलं होतं, त्यात जीपीएस नव्हताच, नुसता जायरोस्कोप, आणि पडद्यावर पारदर्शक नकाशा हाताने सरकवायचा. १९८५ साली इथे कॅलिफोर्नियात इटॅक नावाच्या कंपनीने यंत्र आणलं, त्याचा नकाशा कॅसेटवर असायचा. जीपीएस नंतर आला. सॅटेलाइट जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात, आपली जागा नक्की करायला एका वेळी निदान चार दिसावे लागतात. आणि मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे शंभरेक मीटरचा फरक पडायचा. ते बंद झाल्यावर हे प्रकरण गाडीवाल्यांच्या खऱ्या उपयोगाचं झालं.

"मुद्दाम चूक?" अण्णांना ते काही पटलं नाही. "मोजमापात मुद्दाम चूक कोण घालतो?"

ओकहर्स्टच्या पुढे कधीतरी बाईंनी हट्ट सोडला आणि आम्ही जात होतो तोच रस्ता स्वतःचा म्हणून दाखवायला लागल्या. रात्री बेकर्सफील्डला हायवेलगत एका मोटेलमध्ये उतरलो. लेक आणि नवरा झोपले. अण्णा खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. माफी मागायची होती, पण आमच्या घरात 'सॉरी' म्हणायची पद्धत नाही. मी म्हटलं, "उद्या तुम्ही सांगाल तसं जाऊ."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "बोर्ड कोणी उगाच लावत नाही गं."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन. कुंभार्ली घाटात दरड कोसळायला लागली होती, रात्रीची वेळ, पाऊस असा की कंदील टिकेना. अण्णा आणि दोन मैलकुली यांनी रस्त्यात दगड मांडले, लाल फडकं बांधलं आणि 'रस्ता बंद आहे' लिहिलेला पत्रा उभा केला. वारा तो पत्रा पाडायचा, हे पुन्हा उभा करायचे. पहाटेपूर्वी एक एसटी आली. ड्रायव्हर म्हणाला, मघाशी तर रस्ता चालू होता, पॅसेंजर पोचवायचे आहेत, बाजूला व्हा. अण्णा बसच्या पुढ्यात रस्त्यावर बसले. पॅसेंजर उतरून शिव्या द्यायला लागले. "त्यात एक बाई होती," अण्णा म्हणाले, "तिच्या घरी कोणीतरी अत्यवस्थ होतं. ती रडत होती. मी काही उठलो नाही." उजाडल्यावर सगळ्यांनी पुढे चालत जाऊन बघितलं, रस्त्याची बाहेरची अर्धी बाजू दरीत गेलेली होती. बसवाल्याने पाया धरले.

"आणि ती बाई?" मी विचारलं.

"पोचली की नाही वेळेवर, कळलं नाही," ते म्हणाले. "तेच आठवतं अजून."

चहा संपवून कप खाली ठेवत म्हणाले, "म्हणून म्हटलं. त्या बोर्डामागे कोणीतरी उभं राहिलेलं असतं."

हे पाटण नाही, असं मी म्हणाले होते. ते वाक्य मला तेव्हा जेवढं टोचलं त्याहून नंतर जास्त टोचलं आहे. मला म्हणायचं होतं की तुमचं शहाणपण तिकडचं, इथे त्याला किंमत नाही. परक्या देशात आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपण हे दिवसातून किती वेळा ऐकवतो? मायक्रोवेव्हला हात लावू नका, फोन उचलू नका, दार उघडू नका, तुम्हाला कळणार नाही, तुम्ही शांत बसा. आणि मग आपणच तक्रार करतो की ते बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र अण्णा कामावर हजर झाले. खांद्यावर शाल, मांडीवर कागदी नकाशा, डोळे रस्त्यावर. टेहाचापीचा घाट ओलांडून मोहावीच्या वाळवंटात उतरलो, रिजक्रेस्टला पेट्रोल भरलं, ट्रोना नावाच्या उदास गावातून पुढे निघालो. वाटेत त्यांना एक शोध लागला. इथे मैलाचे दगड नाहीत म्हणून त्यांना चुटपुट लागली होती. आपल्याकडे दगडाच्या पिवळ्या डोक्यावरून राष्ट्रीय महामार्ग आणि हिरव्यावरून राज्यमार्ग लांबूनच कळतो. पण इथे रस्त्याच्या कडेला, बहुतेक मोरी असेल तिथे, एक अरुंद पांढरी पट्टी उभी असते. त्यावर जिल्ह्याची आद्याक्षरं, रस्त्याचा नंबर आणि खाली मैलाचा आकडा. जिल्ह्याची हद्द ओलांडली की आकडे पुन्हा शून्यापासून. अण्णांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी बघून बघून ओळखलं. "मोऱ्यांना नंबर दिलेत!" ते इतक्या आनंदाने म्हणाले की लेक टाळ्या वाजवायला लागली. त्यांच्या हातून अशा किती मोऱ्यांवर नंबर पडले असतील.

ट्रोनाच्या पुढे पॅनामिंट व्हॅलीत उतरल्यावर बाई म्हणाल्या उजवीकडे वळा. तो वाइल्डरोजचा रस्ता, अंतराने जवळचा. मी वळायच्या आधी गाडी थांबवली आणि अण्णांकडे बघितलं. ते खाली उतरले. चार पावलं चालत गेले, वाकून कडेला बुटाने उकरून बघितलं, लांबवर नजर टाकली आणि परत आले.

"साईडपट्टी वाहून गेली आहे आणि कोणी भरलेली नाही. पुढे कच्चा असणार. पोरगी आहे बरोबर, सरळ जा."

नकाशात बघितलं, त्या रस्त्याचा पुढचा काही भाग खरंच कच्चा होता. आम्ही सरळ गेलो, १९० नंबरचा मोठा रस्ता धरला. बाईंनी पुन्हा यू टर्न मागितला, पण या वेळी आवाज बंद करावासा वाटला नाही. अण्णाच त्यांना म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे, पण तुम्ही खाली उतरून बघितलेलं नाही." डेथ व्हॅली नॅशनल पार्कच्या माहितीतच आता बजावलेलं असतं की इथल्या दुर्गम भागात जीपीएसवर विसंबून राहू नका. आम्हाला ते अण्णांनी सांगितलं.

बॅडवॉटरला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. पांढरं मीठ पसरलेलं मैलोन् मैल, आणि मागच्या कड्यावर खूप उंच एक छोटी पाटी, समुद्रसपाटी इथे. आपण तिच्या २८२ फूट खाली उभे. गाडीच्या स्क्रीनवर एक पान होतं ज्यात अक्षांश, रेखांश आणि उंची दिसायची. अण्णांनी ते पान शोधून ठेवलं होतं. आकड्याच्या मागे उणे चिन्ह आलेलं. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"आर. एल. मायनसमध्ये," ते म्हणाले. "तुझ्या आईला सांगायला हवं होतं." आई गेल्यानंतर तिचं नाव त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा आलं. तिला आर. एल. म्हणजे काय ते नक्की माहीत होतं. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ती कॅम्पवर त्यांच्या लेव्हल बुकातल्या बेरजा तपासत असे.

अण्णा मार्चमध्ये परत गेले. त्यानंतर दोनदा आले. प्रत्येक सहलीत ते पुढे, नकाशासकट, आणि बाई स्क्रीनवर. दोघांचं पटत नसे आणि दोघांचं ऐकून मी मधला रस्ता काढत असे. २०१६ साली अण्णा गेले, पाटणलाच, झोपेत.

आता एक शेवटची गोष्ट. १ जानेवारी २०२२ ला सकाळी गाडी सुरू केली तर घड्याळ २००२ साल दाखवत होतं. मी वेळ दुरुस्त केली, गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की पुन्हा २००२. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांना तेच झालं होतं. नवऱ्याने कारण सांगितलं. जीपीएस तारीख आठवड्यांत मोजतो, ० पासून १०२३ पर्यंत, आणि मग पुन्हा शून्य. साधारण एकोणीस वर्षं आणि सात-आठ महिन्यांचं एक आवर्तन. आपण कितव्या आवर्तनात आहोत हे गाडीच्या यंत्राला स्वतः ठरवावं लागतं, आणि तिथे त्याचा हिशेब चुकला. कंपनीचं म्हणणं पडलं की करण्यासारखं काही नाही, ऑगस्टमध्ये आपोआप बरोबर होईल.

जवळजवळ आठ महिने मी रोज २००२ सालात बसून ऑफिसला गेले. नवरा म्हणायचा, त्या घड्याळावर चिकटपट्टी लाव. मी लावली नाही. २००२ साली आई होती. अण्णा नुकतेच निवृत्त झालेले, अंगणात तुळशीच्या कट्ट्याला ओळंबा लावून बसायचे आणि ती हसायची. मी सिग्नलला थांबले की घड्याळाकडे बघायचे. ऑगस्टमध्ये एका सकाळी ते खरंच आपलं आपण २०२२ ला आलं. मी ऑफिसला जरा उशिरा पोचले त्या दिवशी.

असो. तर यादी पुसायची होती. मी एकेक करून पुसत गेले आणि पॅटरसनपाशी थांबले. नवऱ्याला फोन केला, "उद्या सकाळी गाडी द्यायच्या आधी दोन-तीन तास दे." त्याने का ते विचारलं नाही.

सकाळी सातलाच निघाले, एकटी. फोन पर्समध्ये ठेवला आणि बाईंना पॅटरसन सांगितलं. आल्टामाँट ओलांडून आय-फाइव्हवर दक्षिणेला, मग डावीकडे. जर्दाळूंसाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे. गावात शिरताना दोन्ही बाजूंना उंच पामची झाडं लागतात, आणि गावाचा मध्य चक्क गोल आहे, मधल्या चौकातून चाकाच्या आऱ्यांसारखे रस्ते बाहेर निघतात. बाईंना ते जुने रस्ते सगळे माहीत होते. बाहेरच्या अंगाला नवी वस्ती झाली आहे, तिथून येताना बाण स्क्रीनवर नुसत्या रिकाम्या मैदानातून चालत होता.

चौकापाशी बाई म्हणाल्या, तुम्ही पोचला आहात.

गाडी कडेला लावून मी एक फेरी चालत मारली. हे वर्तुळ कोणी आखलं, केंद्राला खुंटी कशी मारली, दोरी किती लांब धरली, हे अण्णांनी पहिल्या मिनिटाला विचारलं असतं. मला उत्तर आलं नसतं. एका बाकावर बसून थर्मासमधला चहा घेतला. परत गाडीत बसले, पॅटरसन पुसलं, मग 'होम' पुसलं.

घरी परतताना रस्ता बाईंना विचारावा लागला नाही. हायवेला लागायच्या जरा आधी एके ठिकाणी खणकाम चाललं होतं आणि नारिंगी बोर्ड घेऊन एक माणूस उन्हात उभा होता. मी थांबले, काच खाली केली आणि त्याला विचारलं की कुठून जाऊ. त्याने हात करून दाखवलं, तसं गेले.